उधाणाने नेलेल्या घरट्यांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका वाचकाने कोकणातील कासव संवर्धनाविषयी एक प्रश्न विचारला होता. समुद्रात सोडलेल्या हजार पिल्लांपैकी जेमतेम एखादेच प्रौढ होत असेल, त्यातही दर हंगामात काही घरटी उन्हाने, उधाणाने किंवा कोल्ह्याकुत्र्यांमुळे वाया जात असतील, तर इतक्या माणसांनी रात्ररात्र किनारा पायाखाली घालण्याचे आणि सरकारने त्यावर पैसा खर्च करण्याचे प्रयोजन काय, असा त्या पत्राचा आशय होता. मोठी कासवे जाळ्यांत मरतात आणि महोत्सवांना गर्दी होते, अशीही तक्रार त्यात होती. पत्राची भाषा संयत होती आणि प्रश्न प्रामाणिक होता. दापोली तालुक्यातील एका किनारी गावात माझी बहुतेक सारी नोकरी प्राथमिक शाळेत झाली आणि गेली बरीच वर्षे मी तेथल्या कासवमित्रांच्या, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांच्या, कामात जमेल तसा हातभार लावते आहे. मलाही हा प्रश्न अनेकदा पडलेला आहे, आणि एका वर्षी तर त्याचे ओझे इतके झाले की मी किनाऱ्यावर जाणेच थांबवले होते. म्हणून त्याचे उत्तर घाईने न देता जरा सविस्तर द्यावे असे वाटते. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम हजारात एक या आकड्याविषयी. हा आकडा ढोबळ आहे, पण त्यातील मुख्य गोष्ट खरी आहे. ऑलिव्ह रिडले कासवाचे पिल्लू वाळूतून वर येते तेव्हा जेमतेम दीड इंचाचे असते. किनाऱ्यावर खेकडे, कावळे आणि घारी त्याच्यावर टपलेल्या असतात, आणि पाण्यात शिरल्यावर मोठे मासे. त्यातून जे तगते त्याला विणीच्या वयाचे व्हायला दहा ते पंधरा वर्षे लागतात. मादी आपल्या पिल्लांना सांभाळत नाही; ती रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा उकरते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून आपल्या अंगाच्या भाराने ती थोपटून बसवते आणि परत समुद्रात जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. हे ती एका हंगामात कधी दोनदा करते आणि आयुष्यात अनेक हंगाम करत राहते. तिने जन्मभरात घातलेल्या त्या हजारो अंड्यांमधून शेवटी दोन कासवे विणीच्या वयापर्यंत पोहोचली, तरी जातीची संख्या टिकून राहते. म्हणजे हजारात एक हे प्रमाण कोणाच्या कामाचे अपयश दाखवत नाही. ती निसर्गानेच धरलेली वजावट आहे, आणि कासवांची जात ती वजावट सोसूनच आजवर टिकली आहे. तिला सोसवत नाही ती माणसाने त्या वजावटीवर घातलेली भर. घरटे उकरून सगळी अंडी बाजारात गेली, तर नऊशे नव्व्याण्णवांबरोबर तो एकही जातो. कोणते पिल्लू तो एक आहे हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, म्हणून हजारांचीच राखण करावी लागते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या भागात कासवाची अंडी खाणे ही लपवण्याची गोष्ट नव्हती. हंगामात पहाटे किनाऱ्यावर जायचे, कासवीच्या येण्याजाण्याचा माग शोधायचा, काठीने वाळू टोचून पोकळी सापडली की अंडी टोपलीत भरायची आणि घरी न्यायची किंवा विकायची, हा अनेकांचा नेहमीचा शिरस्ता होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे, ही गोष्ट गावात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून मगच गाभाऱ्याकडे जाणारी हीच माणसे होती, आणि त्यात कोणालाही काही विसंगत वाटत नसे. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. गरिबी होती, आणि समुद्र जे देतो ते घ्यायचे ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती.

2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी मंडणगड तालुक्यातील वेळासला आले असता त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली. पद्धत साधी होती. रात्री आणि पहाटे किनारा चालायचा, माग दिसला की घरटे शोधायचे, अंडी मोजून काढायची आणि भरतीच्या रेषेच्या वर, जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, तितकाच खोल आणि तशाच आकाराचा खड्डा करून त्यात ती ठेवायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात, ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडायची आणि आपल्या पायांनी समुद्रात जाऊ द्यायची. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव होऊ लागला, पाहुणे गावातल्या घरांतून उतरू लागले, मोदक, घावणे आणि सोलकढीचे चार पैसे बायकांच्या हाती येऊ लागले. पुढे आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, गावखडी, दिवेआगर, हरिहरेश्वर, थेट खाली वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत हे काम पसरले. वन विभाग आणि राज्य सरकारचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी ते हाती घेतले आणि गावोगाव कासवमित्र नेमले गेले. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवरही अशीच राखण होते. हा इतिहास वर्तमानपत्रांतून बऱ्याच वेळा येऊन गेला आहे. त्यात न आलेली गोष्ट वाया गेलेल्या घरट्यांची आहे, आणि पत्रलेखकाचा रोख तिच्याकडेच असल्याने मी तिच्याविषयी लिहिते.

आमच्या किनाऱ्यावरचे कासवमित्र हे माझे जुने विद्यार्थी. शाळेत असताना त्यांना पाढे पाठ होत नसत, पण पौर्णिमेपासून कितव्या रात्री भरती कुठवर येईल हे ते बोटांवर मोजून सांगत. काही वर्षांपूर्वीच्या शिमग्याची गोष्ट. हुताशनी पौर्णिमा होऊन गेली होती, पालखी घरोघर फिरत होती, गाव जागे होते. पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रात्री उधाणाची भरती वाऱ्याच्या जोराने नेहमीपेक्षा पुष्कळ वर चढली आणि हॅचरीत शिरली. पहाटे मी पोहोचले तेव्हा बांबू आडवे झाले होते, जाळी वाळूत अर्धी पुरली गेली होती, आणि ज्या पाट्यांवर आम्ही घरट्याचा क्रमांक, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहीत होतो त्या पाट्या लांब केवड्याच्या बनाशी जाऊन पडल्या होत्या. कासवमित्र गुडघ्यावर बसून हातांनी वाळू उपसत होते. मला पाहून ते एवढेच म्हणाले, "बाई, नऊ गेली."

नऊ घरटी, म्हणजे हजाराच्या आसपास अंडी. त्यांतली पाच घरटी तर जागेवरच नव्हती, लाटांनी वाळूसकट ओढून नेली होती. उरलेल्या चारांत खारे पाणी मुरले होते. आम्ही ती तशीच ठेवून वाट पाहिली. त्या चारांपैकी एका घरट्यातून अकरा पिल्ले वर आली, बाकी सगळी अंडी कुजली. आणि ही आपत्ती सर्वस्वी निसर्गाची होती असेही मला म्हणता येत नाही. त्या वर्षी हॅचरीसाठी जागा निवडताना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला बजावले होते की पावसाळ्यात इथली पुळण खचली आहे, दिसायला उंच दिसते पण उधाण इथूनच आत येते. जागा घरांपासून जवळ, राखणीला सोयीची होती, म्हणून आम्ही त्यांचे ऐकले नाही. ही चूक आमची होती, त्यात माझीही होती, आणि ती मला फार लागली.

त्यानंतर आठ दिवस मी किनाऱ्यावर गेले नाही. घरात सगळ्यांनी समजूत काढली, पण समजूत काढून जाईल असे ते दुःख नव्हते. ज्या कामात आपण मदत करत आहोत असे मानत होतो त्यात आपल्याच हातून हानी झाली, कारण ती अंडी मादीने घातली तेथेच राहिली असती तर निदान काही वाचली असती, हा विचार पाठ सोडत नव्हता. कासवमित्रांचे मानधन त्या वर्षी हंगाम उलटत आला तरी आले नव्हते. त्यांनी काम थांबवले असते तर कोणाला त्यांना बोल लावता आला नसता. पण ते दर रात्री तीन किलोमीटरचा किनारा चालतच होते, कारण कासवी येतच होत्या. नवव्या दिवशी पहाटे त्यांचा निरोप आला की नवे घरटे मिळाले आहे, अंडी मोजायला आणि वहीत नोंद करायला कोणी नाही. मी गेले. एकशे अठरा अंडी होती. मी मोजली आणि लिहिली. तेव्हापासून पुन्हा कधी थांबले नाही.

वाया गेलेल्या त्या घरट्यांचे पुढे काय झाले, हे मला पत्रलेखकांना मुद्दाम सांगायचे आहे. मुदत संपल्यावर न फुटलेली अंडी आम्ही एकेक करून उघडली. हे काम करवत नाही, वास असह्य असतो, पण त्यातून कळते की गर्भ कोणत्या अवस्थेत असताना मेला. त्याची नोंद वहीत झाली. पुढच्या हंगामात हॅचरी मर्यादावेलीच्या, म्हणजे वाळूवर पसरणाऱ्या वेलीच्या, पट्ट्याच्याही वर नेली, आणि सगळी घरटी एकाच कुंपणात न ठेवता दोन जागी विभागली. जागा नक्की करण्यापूर्वी रापणकरांना बोलावून विचारण्याची पद्धत पडली, ती आजही पाळली जाते. तेच वृद्ध गृहस्थ नंतरची काही वर्षे, त्यांना चालता येत होते तोपर्यंत, नोव्हेंबर लागला की स्वतः येऊन पुळण पायाने दाबून पाहत आणि जागा दाखवत. त्यांच्या तरुणपणी त्यांनी कासवाची किती अंडी खाल्ली होती याचा हिशेब ते स्वतःच सांगत असत.

अशा चुकांमधून शिकलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत. अंडी हलवायची असतील तर ती घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या आतील बाजूला चिकटतो आणि अंडे कलंडले की तो मरतो. उशिरा सापडलेले घरटे हलवण्याच्या मोहात आमच्याकडे एकदा संपूर्ण घरटे नासले, एकही पिल्लू वर आले नाही. तेव्हापासून उशिरा मिळालेले घरटे जागेवरच कुंपण घालून राखले जाते. उन्हाचेही तसेच. कासवाच्या अंड्यातून नर निघेल की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण तीस अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून वाळू तापली की माद्याच अधिक निघतात, आणि ती पस्तिशीच्या पुढे जाऊन तशीच राहिली तर अंडी उबण्याऐवजी शिजतात. गेल्या काही वर्षांत फेब्रुवारीच्या मध्यापासूनच ऊन असह्य होऊ लागले आहे, आणि हंगामाच्या अखेरीस घातलेल्या घरट्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यावर आता सावलीसाठी हिरवी जाळी बांधतात, कुठे नारळाच्या झापांचे छत घालतात, वाळूत तापमापक पुरून रोज नोंद ठेवतात. यांतला एकही उपाय आधी कोणाला सुचला नव्हता. ज्या वर्षी घरटी करपली त्या वर्षानेच तो सुचवला.

वाट पाहण्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण या कामातले फळ कोणत्या कालगणनेने मोजायचे हा मूळ प्रश्नाचाच भाग आहे. 2022 च्या आरंभी भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारी यंत्रे बसवली. त्यांतली पहिली वेळासची, तिचे नाव प्रथमा ठेवले गेले. बाकीच्या सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. आमच्या शाळेतील मुलांनी वर्गात भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा लावला होता आणि कोणती कासवी कोठे आहे याच्या खुणा ती त्यावर करत असत. काही महिन्यांत एकेक करून ते संकेत थांबले. यंत्र निकामी झाले, गळून पडले की कासवीच गेली, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मुले फार हिरमुसली. एका मुलीने मला विचारले की आता नकाशा काढून टाकायचा का. आम्ही तो काढला नाही. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन माद्यांना, बागेश्री आणि गुहा यांना, यंत्रे बसवली गेली, आणि बागेश्री दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मुलांच्या नकाशावर बंगालचा उपसागर नव्हता. त्यांना बाजूला दुसरा कागद चिकटवावा लागला.

मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला होता, त्यावर 03233 हा क्रमांक होता. चौकशीअंती कळले की तो बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर, गहिरमाथा येथे तिला लावलेला होता. तिथे एकाच वेळी लाखो माद्या अंडी घालायला येतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तिथून इथवरचे अंतर सुमारे 3500 किलोमीटर. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी, असाच तोवरचा साधारण समज होता. त्या एका मादीने अभ्यासकांना तो पुन्हा तपासायला लावला. आता विचार करावा की 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ज्या कोणा कर्मचाऱ्याने रात्रीच्या अंधारात तिच्या वल्ह्यावर तो बिल्ला बसवला असेल, त्याने त्या दिवसांत किती कासवींना असेच बिल्ले लावले असतील, आणि त्यांतल्या किती पुन्हा कधीच कोणाच्या दृष्टीस पडल्या नसतील. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांना लावलेले बिल्ले फुकट गेले असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे, पण ते लावले नसते तर हा एकही गुहागरला वाचायला मिळाला नसता.

पत्रलेखकांच्या एका म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. पिल्ले वाचवायची आणि मोठी कासवे जाळ्यात मरू द्यायची, याला अर्थ नाही. कासव हवेत श्वास घेते; ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले की ते गुदमरून मरते. आमच्या किनाऱ्याला पावसाळ्यात मेलेली मोठी कासवे लागतात, आणि पंधरा वर्षे जगून विणीला आलेली एक मादी अशी लाटांनी फेकलेली पाहिली की हॅचरीतल्या पिल्लांचा आनंद मनात टिकत नाही. पण इथेही काहीच हलले नाही असे नाही. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिल्यास त्या जाळ्याची भरपाई म्हणून मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत देण्याची योजना राज्य सरकारने डिसेंबर 2018 पासून चालू केली. आमच्या बंदरावर तिची माहिती सांगायला आम्ही गेलो तेव्हा पहिल्या वर्षी कोणी लक्ष दिले नाही. पुरावा म्हणून फोटो काढावा लागतो, अर्ज करावा लागतो, पैसे लगेच मिळत नाहीत, हे त्यांचे आक्षेप खरे होते. तरीही काही तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, जाळी कापली. त्यांतल्या एकाला मी विचारले की पैशांची खात्री नसताना का कापलीस. त्याने सांगितले की त्याची धाकटी मुलगी शाळेतून मुलांबरोबर हॅचरीवर येते आणि घरी गेल्यावर आज समुद्रात काय दिसले हे रोज विचारते.

महोत्सवांच्या गर्दीविषयीची तक्रारही रास्त आहे, आणि ती अधिक जोरात व्हायला हवी. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. मोकळ्या समुद्रावर आकाश उजळ असते म्हणून त्यांना पाण्याची वाट कळते, पण किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे दिवे त्याहून तेजस्वी असले की ती उलट जमिनीकडे चालू लागतात आणि सकाळी रस्त्यावर मेलेली सापडतात. वाळूवरून गाड्या पळवणाऱ्या पर्यटकांमुळे पुळण दाबली जाते, माग पुसले जातात, घरटी चिरडली जातात. काही ठिकाणी जमिनीची धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारे घातले गेले, आणि त्यांच्यापुढे मादीला चढायला वाळूच उरली नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने आमच्या भागातली सुरूची बने, नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांची छपरे एका दुपारी नेली, तेव्हा लोकांनी जे पुन्हा उभारले त्यात पुष्कळ काही किनाऱ्याच्या अधिक जवळ सरकले, ही गोष्ट आता ठळकपणे दिसते. या सगळ्यांपुढे मूठभर कासवमित्र आणि वन विभागाचे थोडे कर्मचारी अपुरे आहेत. बंधाऱ्याच्या एका प्रस्तावाला आमच्या ग्रामसभेने विरोध केला होता, निवेदने दिली होती, आणि तरीही तो बंधारा झाला. त्याच ग्रामसभेने किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी करण्याचा ठराव केला, तो मात्र तरुण मुलांनी पाळून दाखवला. आता वाळूवर गाडी उतरली की आधी मुलेच आडवी येतात.

2020 मध्येच, वादळाच्या आधी, मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा महोत्सव ऐन भरात बंद पडला. पाहुणे गेले, घरगुती निवासाचे उत्पन्न बुडाले, वर्तमानपत्रांत कासवांविषयी एक ओळही येत नव्हती. किनाऱ्यावर कासवमित्र एकटेच उरले. त्या दिवसांत आमच्या हॅचरीत चार घरटी उबायची बाकी होती. ते पहाटे घरट्यावर झाकलेली टोपली उचलत, निघालेली पिल्ले सोडत आणि आकडा मला फोनवर सांगत, मी वहीत लिहीत असे. पाहणारे कोणी नसताना झालेले ते काम मला आजही सर्वांत मोलाचे वाटते.

पत्रलेखकांनी शेवटी विचारले होते की इतक्या वर्षांनी तुम्ही दाखवू शकाल असे काय मिळवले. 2002 च्या सुमारास वेळासच्या वाळूतून समुद्रात गेलेली जी पिल्ले तगली असतील ती आता विणीच्या वयाची होऊन गेली असतील, आणि कासवी आपल्या जन्मकिनाऱ्याच्या आसपासच अंडी घालायला परतते असे अभ्यासक सांगतात. गेल्या काही हंगामांत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर घरट्यांची संख्या वाढलेली आहे. ही वाढ त्याच पिल्लांमुळे झाली, की गस्त वाढल्याने आधी न सापडणारी घरटी आता सापडतात, हे सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तो असल्याचा आव मी आणणार नाही. मी एवढेच दाखवू शकते की ज्या बाजारात मी कासवाची अंडी विकली जाताना पाहिली तेथे ती गेली पुष्कळ वर्षे कोणी आणलेली नाहीत. आमच्याकडे नोंदींच्या वह्यांची एक थप्पी आहे, आणि तिच्यात यशस्वी घरट्यांइतक्याच काळजीने वाया गेलेली घरटी लिहिलेली आहेत. उधाणाच्या त्या वर्षाचे पानही तिच्यात आहे, नऊ ओळींचे, आणि त्यांतल्या एका ओळीपुढे अकरा हा आकडा आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण येत्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, कोकणात उतरतील. त्यांना माझी विनंती आहे की रात्री किनाऱ्यावर विजेरी किंवा मोबाइलचा उजेड पाण्याच्या दिशेने पाडू नये, आणि ज्या घरी उतरले असतील तेथील समुद्राकडचे दिवे मालवण्यास सांगावे. पहाटे फिरताना पाण्यापासून वर येऊन परत पाण्याकडे गेलेला, हातभर रुंदीहून मोठा, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे असलेला माग दिसला तर तो पायाने पुसू नये, काठीने वाळू टोचू नये, स्वतः अंडी शोधू नयेत. मागाच्या दोन्ही बाजूंना ओली काटकी रोवून जागा ओळखू येईल असे करावे आणि गावातल्या कासवमित्रांना किंवा वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना लगेच कळवावे. गावात कोणालाही विचारले तरी त्यांचे घर दाखवतील. हे काम भरती चढण्याच्या आत व्हावे लागते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)